पन्नास सेकंदांपुढचा आवाज

ताई,

तुला जाऊन एकवीस दिवस झाले. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. राहिली म्हणजे काय, मीच ती राहू दिली. दीड महिना रोज संध्याकाळी तुआसच्या प्लँटवरून सुटलो की मी हॉस्पिटलात तुझ्या पलंगाशी येऊन बसत होतो. त्यातल्या कुठल्याही दिवशी सांगता आली असती. पण तुझा धाकटा भाऊ किती शूर आहे ते तुला पहिल्यापासून माहीत आहे.

काल उबीन बेटावरून तुझी मधपेटी घेऊन आलो. हौगांगच्या आमच्या फ्लॅटच्या दाराबाहेर, चपलांच्या रॅकशेजारी ठेवली आहे. रिकामी आहे ती. डिसेंबरपासूनच रिकामी होती. तू मात्र जाईपर्यंत त्या पेटीची चौकशी करत राहिलीस, आणि मी रोज तुला सांगत राहिलो की सगळं छान चाललंय.

येत्या शनिवारी रेवा एक वर्षाची होते. माझी नात, तुझ्या लाडक्या ईशाची लेक. त्या दिवशी तिला तुझ्या पेटीतला बोटभर मध चाटवायचा, असा तुझा शब्द होता. मंजिरी, तुझी भावजय, दोन दिवस विचारतेय, "मधाचं काय करायचं?" मी "बघतो" म्हणतो आणि गॅलरीत जाऊन उभा राहतो. बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

आपलं भांडणही या मधावरूनच झालं होतं. रेवाच्या बारशाला मंजिरीने सोन्याची अंगठी धुऊन, पुसून वाटीत ठेवली होती. बाळाला तुपा-मधाचं पहिलं बोट सोन्याने चाटवायचं, तिच्या माहेरी असंच करतात, आपल्याकडेही करत. आणि घरात मधवाली आत्या असताना दुकानातली बाटली कोण आणणार? तिने कौतुकाने तुझ्याकडे हात पुढे केला. तू पाहुण्यांनी भरलेल्या हॉलमध्ये सांगून टाकलंस, "वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. माझा तर नाहीच नाही."

मग तू समजावून सांगितलंस. मधात कसल्याशा जिवाणूंचं बीज असू शकतं, मोठ्यांच्या पोटात त्याचं काही चालत नाही, तान्ह्या आतड्यात मात्र ते रुजतं आणि बाळ लुळं पडतं. मध कितीही शुद्ध असला तरी. सांगितलंस बरोबरच, पण तुझ्या बँकेच्या ऑडिटमध्ये चूक सापडल्याच्या आवाजात. मंजिरीचा चेहरा उतरला. मला राग आला. मी म्हणालो, "आईने आपल्या दोघांना चाटवला होता. आपण मेलो का?"

तू म्हणालीस, "नाही मेलो. मेलो असतो तर हे विचारायला तू नसतास, विन्या."

मी आणखी चिडलो. पुढच्याच आठवड्यात ईशाच्या डॉक्टरीणबाईंनी शब्दन् शब्द तेच सांगितलं. ईशा मला म्हणाली, "बाबा, आत्या वॉज राइट लाह. जस्ट कॉल हर." मी फोन केला नाही. तू तीन बस स्टॉपांवर राहत होतीस आणि मी दोन महिने फोन केला नाही. आता ते दोन महिने कुठून परत आणू, सांग.

शेवटी नमतं तूच घेतलंस. एप्रिलच्या एका शनिवारी सकाळी फोन आला. "पेटी उघडणार आहे. पकडायला माणूस हवाय. येतोस?" माणूस तुला कधीच लागत नव्हता. आठ वर्षं ती पेटी तू एकटीच हाताळत होतीस.

तुला हे वेड लागलं पन्नाशी उलटल्यावर, आणि तेही तुमच्या ब्लॉकच्या जिन्याखाली. पाण्याच्या मीटरच्या कपाटात माश्यांनी पोळं केलं होतं, कुणीतरी तक्रार केली होती, आणि सकाळी औषध फवारणारा माणूस टाकी घेऊन हजर. तू बँकेत निघाली होतीस, खांद्याला लॅपटॉप. तो बिचारा सांगत होता, "मॅडम, कम्प्लेंट केम ऑरेडी, आय मस्ट स्प्रे." तू त्या कपाटाला पाठ लावून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "गिव्ह मी वन डे." तोवर मधमाशीबद्दल तुला काडीचंही माहीत नव्हतं. तो दिवस तुला मिळाला. अशी पोळी माश्या न मारता हलवणारा एक जण तू शोधून काढलास, त्याच्यासाठी टॉर्च धरून उभी राहिलीस, आणि ऑफिसला दांडी मारलीस. तुझी दांडी! त्या दिवशी मला वाटलं होतं, तू आजारीच पडलीस.

मग घरी आलीस ती नाचतच. "अरे, ही सातेरी आहे! आपल्या कोकणातल्या झाडांच्या ढोलीत असते तीच!" आपण दोघं पास आणि परमिटच्या रांगा लावून या देशात आलो, आणि ही बया आपल्या कितीतरी आधीपासून इथे, कुणाला न विचारता. तुला त्याचं फार हसू यायचं.

तेव्हापासून हॉकर सेंटरमधून बांधून आणलेल्या सूपच्या, कॉफीच्या पिशव्यांचे लाल रबरबँड तू जमवायला लागलीस. आमच्याकडे जेवायला आलीस की ओट्यावरचे रबरबँड गोळा करून पर्समध्ये टाकायचीस. मंजिरीला वाटायचं, वय झालं. सोडवून आणलेल्या पोळ्याचे तुकडे लाकडी चौकटीत उभे बसवायचे आणि त्यांना रबरबँड चढवायचे, की माश्या दोनचार दिवसांत मेणाने पोळं चौकटीला सांधतात, आणि मग रबर कुरतडून दारातून बाहेर टाकतात. ते कुरतडलेले तुकडे तू मला आणून दाखवले होतेस. "बघ, काम झालं की आधार ठेवत नाहीत."

एप्रिलच्या त्या सकाळी चांगीच्या धक्क्यावर बारा माणसं जमेपर्यंत आपण बाकावर बसलो. बारा झाल्याशिवाय उबीनची बोट सुटत नाही. दोन महिन्यांचं भांडण तिथे बोलून मिटवता आलं असतं, पण तू पिशवीतून थालीपीठ काढलंस आणि मी खाल्लं, तेवढ्यावर भागलं. पलीकडे टॅन आंटींच्या जुन्या लाकडी घरामागे, रामबुतानच्या झाडाखाली तुझी पेटी. पेटीजवळ गेल्यावर तू मला पहिला नियम सांगितलास. माश्यांवर श्वास सोडायचा नाही, तोंड बाजूला वळवायचं. तोंडाच्या वाफेने त्या बिथरतात. झालं. मी श्वास घेणंच बंद केलं. तू चौकटी एकेक उचलून दाखवत होतीस आणि मी एका हातात फोन धरून, गाल फुगवून, लाल होऊन उभा.

तो व्हिडिओ मी तेव्हाच काढला. दीड मिनिटाचा.

तू दाखवत होतीस की मेणाच्या झाकणाने बंद झालेली घरं म्हणजे पिकलेला मध, आणि उघडी, चकाकणारी घरं म्हणजे कच्चा. कच्च्यात पाणी जास्त, इथल्या दमट हवेत तो आठवड्यात आंबतो. बंद घरं भरपूर असली तरच काढायचा, आणि तोही त्यांचं पोट भरून उरेल तेवढाच. पावसाळ्यात तर हातसुद्धा लावायचा नाही, कारण तेव्हा फुलांत काही नसतं आणि सातेरी उपाशी राहण्यापेक्षा घर सोडून जाते. हे सगळं मी ऐकलं होतं, ताई. माझ्या फोनमध्ये आहे ते. उद्या कुणी विचारलं की तुम्हाला माहीत नव्हतं का, तर तेही म्हणता यायचं नाही.

परतीच्या बोटीत तू म्हणालीस, "मंजिरीला सांग. रेवाला वर्ष होऊ दे. पहिलं बोट माझ्याच पेटीतल्या मधाचं. अंगठी तिची, मध माझा."

नोव्हेंबरात तुला कावीळ झाली, म्हणजे आपल्याला तसं वाटलं. मग ती साधी कावीळ नसल्याचं कळलं. ते सगळं इथे लिहीत नाही, तुला पाठ आहे. डॉक्टर आले की तू त्यांना नीट प्रश्न विचारायचीस, आणि ते गेल्यावर मला म्हणायचीस, "हा मनुष्य माझ्यासारखाच बोलतो. बघू म्हणतो, वाट पाहू म्हणतो." तुझी दुसरी पेटी तीन वर्षांपूर्वी रोगाने गेली होती त्याची ती आठवण होती. अळ्या पाण्याच्या पिशव्यांसारख्या होऊन घरातच मरत होत्या. त्यावर औषधच नव्हतं. तू चौकटी जाळल्यास, पेटी उन्हात महिनाभर वाळवलीस, आणि आमच्याकडे येऊन वरणभात जेवलीस. मी तेव्हा म्हणालो होतो, "अगं, माश्याच तर होत्या." तू ताटातून मान वर केली नाहीस. त्या वाक्याची माफी मागायची राहिली, तेही याच यादीत धर.

डिसेंबरात एका दुपारी ईशा रेवाला घेऊन तुला भेटून गेली. त्यानंतर तू पहिल्यांदाच रडलीस. म्हणालीस, "फेब्रुवारीपर्यंत असेन का रे मी?" मी नळांचा आणि पंपांचा इंजिनिअर. मला मोडलेलं दिसलं की पाना हातात घ्यायचा एवढंच येतं. मला वाटलं, वाढदिवसाला ही असो नसो, मध तरी आत्ताच हिच्या हातात ठेवावा. बाटली बघेल, वास घेईल, बरं वाटेल.

रविवारी मी एकटा उबीनला गेलो. पाऊस थांबून थांबून पडत होता. एखादा प्लँट बंद करून दुरुस्तीला घ्यावा तशी मी तयारी केली होती. हातमोजे, जाळीची टोपी, कामांची यादी, सुरी, डबा. तुझं ते धुराचं डबडं पेटवलं आणि भीतीपोटी इतका धूर केला की टॅन आंटी स्वयंपाकघरातून खोकत बाहेर आल्या. "अय्यो, यू बर्न माय हाउस ऑर वॉट?" मी चौकटी काढल्या. बंद घरं मूठभर होती, बाकी सगळी उघडी, चकाकणारी. मला दिसलं ते. पण हात थांबला नाही. इतक्या लांब आलो, बारा माणसांची वाट बघून आलो, आता रिकामा कसा जाऊ, असंच काहीतरी डोक्यात होतं. मी दोन चौकटी कापल्या. बाटली अर्धी भरली. पेटी बंद करताना दोनचार माश्या झाकणाखाली चिरडल्या. तेही दिसलं.

मेण वर यावं म्हणून दोन दिवस ठेवलेली ती बाटली तुझ्यापर्यंत आलीच नाही. तिसऱ्या दिवशी झाकणाखाली फेस आला आणि बाटली उघडली तर आंबलेल्या ताडीसारखा वास. मी ती सिंकमध्ये ओतली.

पुढच्या शनिवारी पेटी बघायला गेलो, साखरेचं पाणी घेऊन. उपाशी माश्यांसाठी तुझं ते शेवटचं औषध. टॅन आंटी अंगणातच भेटल्या. "युवर बीज गो ऑरेडी. थर्सडे मॉर्निंग. सो मेनी, ओव्हर माय रूफ." त्यांनी हात वर करून छपरावरून समुद्राच्या बाजूला दाखवलं. मग विचारलं, "युवर सिस्टर, व्हेन शी कमिंग?" मी म्हणालो, "सून, आंटी." पेटीत काही वाळकी पोळी होती आणि एका कोपऱ्यात मेणकिड्याचं जाळं धरायला लागलं होतं. साखरेचं पाणी मी रामबुतानच्या मुळाशी ओतलं आणि मुंग्यांची सोय झाली.

त्याच संध्याकाळी तू विचारलंस, "आत जाताना पायांना पराग दिसला का?"

मी म्हणालो, "हो. पिवळा."

"फिका की गडद?"

"फिका."

"नारळाचा असेल," तू म्हणालीस आणि डोळे मिटलेस. "पराग येतोय म्हणजे राणी ठीक आहे. आता पुढच्या वेळी कान लाव पेटीला. राणी नसली की आवाज रडका येतो. एकसारखी गुणगुण हवी. फोनवर घेऊन ये मला."

मी काय करणार होतो? एप्रिलमधला व्हिडिओ होता. पहिली पन्नास सेकंदं फक्त माश्यांची गुणगुण, पुढे तुझा आवाज सुरू होतो. मी स्क्रीन माझ्याकडे वळवली, फोन तुझ्या कानाशी धरला, आणि पन्नास सेकंदांवर अंगठा दाबून बंद केला. तू ऐकत होतीस तोवर तुझ्या कपाळावरची आठी गेली. नर्सबाईसुद्धा म्हणाल्या, आज चेहरा बरा दिसतोय. मग मला थांबता येईना. रोज तेच. "आजचा लाव." आणि मी आजचा म्हणून एप्रिलमधला लावायचो.

शेवटच्या आठवड्यात एकदा तू म्हणालीस, "पुढचं लाव की."

"एवढंच आहे, ताई."

तू माझ्याकडे बघितलंस. बराच वेळ बघितलंस. "बरं," म्हणालीस. मग पाणी मागितलंस.

त्या "बरं" वर मी एकवीस दिवस अडकून पडलो आहे. तुला कळलं होतं का? कळलं होतं, तर तू मला रागवायला हवं होतंस. ऑडिटमध्ये कुणाला सोडलं नाहीस, बारशाला मला सोडलं नाहीस, मग तेव्हाच का सोडलंस? आणि कळलं नसेल, तर मी मरणाऱ्या माणसाला रोज फसवलं. दोन्हींतलं काय बरं, ते मला अजून ठरवता येत नाही.

आता उरलेलं ऐक, म्हणजे सगळंच झालं. तुझ्या फ्लॅटची आवराआवर मंजिरीने केली. मनापासून केली, गं. तुझे कपडे धुऊन, इस्त्री करून दिले. फ्रिजच्या दारात तुझ्या चहाची ती मधाची बाटली होती, तळाशी दोन बोटं मध असलेली. एकदम माझ्या डोक्यात आलं की अरे, आहे की! तुझ्याच पेटीतला, पिकलेला, तुझ्या हातचा. मी धावत गेलो तर बाटली घासून पालथी घातलेली. मंजिरी म्हणाली, "अहो, ती ना? साखरेसारखी गोठली होती सगळी. खराब झाला होता मध." खरा मध गारठ्यात गोठतो, कोमट पाण्यात ठेवला की पुन्हा विरघळतो, हे तू तिला दहादा सांगितलं असशील. जो स्वतः अर्धी बाटली सिंकमध्ये ओतून बसलाय, त्याने तिला काय म्हणायचं? मी म्हणालो, "बरं केलंस."

ईशाला मी काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, नेव्हर माइंड लाह, सुपरमार्केटमध्ये ऑरगॅनिक मिळतो." मग तिने माझं तोंड बघितलं, आणि रेवाला माझ्या मांडीवर ठेवून दुकानात गेली.

आता आज सकाळी काय झालं ते सांगतो. मी जमिनीवर बसून तुझ्या पेटीच्या चौकटी पुसत होतो. एका चौकटीला अजून एक लाल रबरबँड अडकलेला होता, न कुरतडलेला. रेवा रांगत आली आणि माझा फोन घेतला. तिला हल्ली फोनच लागतो. तिने कुठे बोट लावलं देव जाणे, गुणगुण सुरू झाली. मी "दे, दे" म्हणत हात पुढे केला, तर ती फोन छातीशी धरून चार हात लांब सरकली. गुडघे धरलेत माझे, तुला माहीत आहे, मला पटकन उठता येत नाही. पन्नास सेकंदं होऊन गेली. या वेळी मला मधेच बंद करता आलं नाही.

आधी तू चौकटीबद्दल बोललीस. बंद घरं, उघडी घरं. मग थांबलीस. मग तू हसलीस, मोठ्याने, माश्यांची पर्वा न करता.

"अरे सोड श्वास, विन्या! किती वेळ धरून ठेवशील? मला कळतं रे तू घाबरलास की."

व्हिडिओ तिथे संपतो. रेवा कधी फोनकडे, कधी माझ्याकडे बघत होती. मी दार उघडं असलेल्या त्या खोलीत, शेजारी ऐकतील याची तमा न बाळगता, मोठ्याने म्हणालो, "ताई, पेटी रिकामी आहे गं."